नवा लॅपटॉप बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरला ओळखतच नाही, काय करू?

पत्र: नमस्कार दादा. आम्ही मिरजेला राहतो. बाबा गेली कित्येक वर्षं घरूनच डीटीपीचं काम करतात, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं वगैरे. त्यांचा कॉम्प्युटर विंडोज सेव्हनचा आहे, त्यात पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी फाँटचं), मागे डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली, लावलेलं, आणि एक जुना लेझर प्रिंटर. मी यंदा विंडोज इलेव्हनचा लॅपटॉप घेतला. गिऱ्हाइकांना व्हॉट्सअपवर प्रूफ पाठवणं, हिशोब, सगळं आता मी बघते, पण बाबा अजून प्रत्येक फाइल पेनड्राइव्हवर आणून देतात. दोन्हीकडे इंटरनेट चालतं पण लॅपटॉपवरून बाबांचा कॉम्प्युटर दिसतच नाही. जुन्या राउटरच्या वायफायला जोडलं तर दिसतो, पण मग नाव आणि पासवर्ड मागतो, बाबांच्या कॉम्प्युटरला तर पासवर्डच नाहीये! माझा पिन टाकून बघितला, तो पण चालत नाही. शेजारचा मुलगा म्हणतो एसएमबी वन चालू करा, फायरवॉल (बाहेरून येणारं नको ते अडवणारी सोय) बंद करा, सगळं होईल. शिवाय पेनड्राइव्हवरून आणलेल्या काही फाइल्स उघडल्या की मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. लॅपटॉपमध्ये काही खराबी आहे का?

उत्तर: ताई, लॅपटॉप ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. आणि शेजारच्या मुलाला पण जरा थांबवा, त्याचा हेतू चांगला असेल पण तो सांगतोय ते आधी निस्तरतो मग बाकीचं बघू.

एसएमबी म्हणजे विंडोजचे कॉम्प्युटर एकमेकांच्या फाइल्स ज्या पद्धतीने बघतात ती पद्धत. तिची पहिली आवृत्ती विंडोज एक्सपीच्याही आधीची, आणि एक्सपीला तेवढीच येते. पण तुमच्या बाबांकडे एक्सपी नाही, सेव्हन आहे, आणि सेव्हनला एसएमबीची २.१ आवृत्ती येते जी विंडोज इलेव्हन आजही विनातक्रार बोलतं. म्हणजे तुम्हाला एसएमबी वनची गरजच नाहीये! मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसचं जे प्रकरण जगभर पसरलं, हॉस्पिटलांपासून कारखान्यांपर्यंत स्क्रीनवर खंडणीचा लाल चौकोन, ते या एसएमबी वनच्या भोकातूनच आत शिरलं होतं आणि त्यात सापडलेली बहुतेक मशीन्स सेव्हनचीच होती. मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्येच दिला होता, लोकांनी टाकला नव्हता एवढंच. त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोजमध्ये एसएमबी वन मुळात टाकायचंच बंद केलं, ते काय उगीच नाही. यूट्यूबवर "नेटवर्क शेअरिंग प्रॉब्लेम सॉल्व्ह" म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यातले निम्मे हेच सांगतात, एसएमबी वन चालू करा, फायरवॉल बंद करा, पासवर्ड काढा, आणि गंमत म्हणजे कधीकधी त्याने चालतंही, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. माझं मत विचाराल तर जे काय बदलायचं ते जुन्या बाजूला बदला, नव्या मशीनला जुन्याच्या पायरीवर खाली आणू नका.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य कुठलं माहितीये का, "जुन्या राउटरच्या वायफायला जोडलं तर दिसतो". म्हणजे तुमच्या घरात राउटर दोन आहेत. माझा अंदाज असा की फायबरचं इंटरनेट घेतलं तेव्हा कंपनीच्या माणसाने आपला डबा भिंतीवर ठोकला, त्याचं स्वतःचं वायफाय आहे, आणि बाबांचा कॉम्प्युटर आधीपासून जुन्या राउटरला वायरने जोडलेला होता तो तसाच राहू दिला आणि डब्यातून एक वायर काढून जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (म्हणजे बाहेरचं इंटरनेट आत घेण्याच्या खाचेत) खुपसली. इंटरनेट दोन्हीकडे चालू, माणूस सही घेऊन गेला. पण जुना राउटर अजून स्वतःला घराचा मालकच समजतो, तो आपल्यामागे स्वतःचं वेगळं नेटवर्क धरून बसलाय. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं आणि मधल्या दाराची कडी आतल्या बाजूला, असा प्रकार आहे. आतल्यांना बाहेर जाता येतं म्हणून बाबांचं इंटरनेट चालतं, पण बाहेरच्या खोलीतून तुम्ही कितीही हाका मारल्या तरी दार उघडत नाही. तुमचा लॅपटॉप फायबरच्या वायफायवर, म्हणजे बाहेर.

खात्री करायला दोन्ही मशीनवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल, तिच्यात आयपीकॉन्फिग (ipconfig) असं इंग्रजीत सलग टाइप करून एंटर मारा. आयपीव्ही फोर ॲड्रेस अशी ओळ येईल. लॅपटॉपवर १९२.१६८.१.७ असं काहीतरी आणि बाबांकडे १९२.१६८.०.१०० असं काहीतरी दिसलं, म्हणजे तिसरा आकडा वेगळा आला, की समजायचं नेटवर्क दोन आहेत. शेवटचा आकडा वेगळा असणारच, त्याची चिंता नको.

यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जुना राउटर काढूनच टाकणं. फायबरच्या डब्याला मागे बहुतेक वेळा वायरचे एकापेक्षा जास्त पोर्ट असतात, बाबांची वायर तिथपर्यंत पोचत असेल तर थेट तिथे लावा, संपलं. वायर शंभर मीटरपर्यंत बिनधास्त चालते त्यामुळे घरातल्या घरात लांबी हा प्रश्नच नाही, फक्त भिंतीवरून कशी न्यायची हा प्रश्न असतो आणि तो बहुधा आईंच्या परवानगीचा.

पण जुना राउटर पुढच्या खोलीत वायफायसाठी ठेवायचाच असेल तर त्याची मालकी काढून घ्या. बाबांच्या कॉम्प्युटरवरून ब्राउझरमध्ये जुन्या राउटरचा पत्ता टाका (आयपीकॉन्फिगमध्ये डिफॉल्ट गेटवे म्हणून जो दिसला तोच), त्याच्या सेटिंगमध्ये शिरा. आधी लॅन (म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता बदलून फायबरच्या रांगेतला करा, समजा फायबरचा डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२५० द्या, पण त्याआधी डब्याच्या सेटिंगमध्ये बघून घ्या की तो इतरांना पत्ते वाटताना २५० पर्यंत जात नाही ना, जात असेल तर त्याची हद्द थोडी कमी करा. सेव्ह केलं की राउटर रीस्टार्ट होईल आणि तुम्हाला नव्या पत्त्यावर परत लॉगिन करावं लागेल. मग डीएचसीपी नावाची, मशीनना पत्ते वाटायची सोय बंद करा. क्रम हाच ठेवा, कारण डीएचसीपी आधी बंद केलं तर कॉम्प्युटरला पत्ता मिळणं बंद होतं आणि मग राउटरमध्ये परत शिरायला हाताने पत्ते टाकत बसावं लागतं. शेवटी, आणि हेच बरेच जण विसरतात, फायबरकडून आलेली वायर जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमधून काढून शेजारच्या कुठल्याही साध्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो, तो आता कायमचा रिकामा. काही राउटरांमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असं एकच बटण असतं, ते असेल तर हे सगळं तोच करतो.

दोन्ही डबे बंद करून चालू करा आणि आयपीकॉन्फिग परत बघा, तिसरा आकडा आता दोन्हीकडे सारखा यायला हवा. तरी मशीन दिसत नसेल तर लॅपटॉप गेस्ट वायफायला तर जोडलेला नाही ना ते बघा, गेस्टवाल्यांना घरातली बाकी मशीन्स दिसू नयेत म्हणूनच ते बनवलेलं असतं.

आता पासवर्डचं. लॅपटॉप विचारतोय ते बाबांच्या कॉम्प्युटरवरचं नाव आणि पासवर्ड, तुमचं नाही. तुमचा पिन हा फक्त त्या एका लॅपटॉपचा आहे, तो नेटवर्कवरून कुठेच जात नाही, त्यामुळे तो चालणं शक्यच नव्हतं. आणि बाबांच्या खात्याला पासवर्ड नाही म्हणून रिकामं सोडून एंटर मारलंत तरी आत घेणार नाही, कारण बिनपासवर्डच्या खात्याने समोर बसून काम करता येतं, नेटवर्कवरून येता येत नाही, हा विंडोजचा जुनाच नियम आहे. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा असंही कुणीतरी सांगेल, म्हणजे पाहुणा म्हणून कुणालाही प्रवेश. सेव्हन ते देईल, पण तुमच्याकडे विंडोज इलेव्हन प्रो असेल तर २४एच२ या अपडेटपासून ते स्वतःच असं पाहुणा म्हणून जायला नकार देतं.

तेव्हा बाबांच्या रोजच्या खात्याला हात न लावता त्यांच्या कॉम्प्युटरवर एक नवं साधं खातं उघडा. कंट्रोल पॅनल, यूझर अकाउंट्स, नवीन अकाउंट, स्टँडर्ड, नाव इंग्रजीत प्रूफ वगैरे काहीही, आणि पासवर्ड द्या. मग फक्त जॉबचा जो फोल्डर आहे त्याच्यावर राइट क्लिक, शेअर विथ, स्पेसिफिक पीपल, तिथे हे नवं खातं निवडा आणि रीड राइट द्या. अख्खी डी ड्राइव्ह शेअर करू नका, सी तर नाहीच. दोन खाती झाली की कॉम्प्युटर चालू करताना आता कोण म्हणून विचारेल आणि बाबा वैतागतील, मला माहितीये. तर स्टार्टमध्ये नेटप्लविझ टाइप करा (हे पण इंग्रजीत, netplwiz), बाबांचं खातं निवडा आणि वरची "यूझर मस्ट एंटर" वाली टिक काढा, पासवर्डची चौकट रिकामी ठेवून ओके. परत पहिल्यासारखं थेट उघडेल, त्यांना काही बदललेलं कळणारही नाही.

सेव्हनमध्ये नेटवर्क कुठलं असं विचारेल तिथे वर्क निवडा. होम निवडलंत तर होमग्रुप बनवायला सांगतो आणि लांबलचक पासवर्ड कागदावर लिहून घ्या म्हणतो, त्याच्या नादी लागू नका, ती सोय नव्या विंडोजमधून २०१८ मध्येच काढून टाकलीये. लॅपटॉपवर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रायव्हेट नेटवर्क करा, नव्या मशीनवर ते बहुधा पब्लिक असतं.

आणि नेटवर्कच्या यादीत बाबांचा कॉम्प्युटर दिसतोय की नाही याच्यावर अवलंबूनच राहू नका, ती यादी लहरी आहे, कधी दाखवते कधी नाही. लॅपटॉपवर धिस पीसी उघडा, वरच्या तीन टिंबांत मॅप नेटवर्क ड्राइव्ह आहे, तिथे दोन उलट्या तिरक्या रेघा (बॅकस्लॅश), बाबांच्या कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी रेघ आणि फोल्डरचं नाव असं टाका, खाली कनेक्ट यूझिंग डिफरंट क्रेडेन्शियल्सवर टिक करा. नाव विचारेल तिथे नुसतं प्रूफ न टाकता कॉम्प्युटरचं नाव, उलटी रेघ, प्रूफ असं पूर्ण टाका, नाहीतर लॅपटॉपला वाटतं हे खातं आपल्याकडेच शोधायचंय. रिमेंबरवर टिक केलीत की रोज झेड ड्राइव्ह म्हणून जॉब फोल्डर समोर. बाबांचा कॉम्प्युटर झोपायला गेला की ड्राइव्ह गायब होते, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करून ठेवा.

एक सवय मात्र लावून घ्या, फाइल नेटवर्कवरून थेट उघडून काम करायचं नाही, आधी लॅपटॉपवर कॉपी करायची. तुमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तुमच्या लॅपटॉपला बॅटरी आहे पण राउटरला नाही, आणि सेव्ह होता होता मधली वायर मेली की फाइल अर्धीच लिहिली जाते. लग्नसराईत अशी एक पत्रिका गेली की दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

आता ती भलतीच इंग्रजी अक्षरं. याचा नेटवर्कशी काडीचा संबंध नाही. श्रीलिपीचे जुने फाँट युनिकोडचे (म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची जागा असणाऱ्या पद्धतीचे) नाहीत, त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, तो फाँट ज्या मशीनवर नाही तिथे खालची मूळ अक्षरं उघडी पडतात. "चि. सौ. कां." च्या जागी काहीतरी कंस आणि डॉलर दिसतात ते त्यामुळे. फाइल बिघडलेली नसते. तुम्हाला प्रूफच पाठवायचंय ना, मग बाबांनी तिकडूनच पीडीएफ काढून झेड ड्राइव्हमध्ये टाकायची, फाँट आत भरून, म्हणजे फाँट एम्बेड करून. ती तुमच्याकडे आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जशीच्या तशी दिसेल. पेजमेकर लॅपटॉपवर टाकायच्या भानगडीत पडू नका, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे, आणि डोंगल पण काढून इकडे तिकडे लावून बघू नका, ते जिथे चालतंय तिथे चालू द्या.

प्रिंटरचं तुम्ही थेट विचारलं नाहीत पण पुढचं पत्र त्याचंच येणार म्हणून सांगून टाकतो. तो यूएसबीने बाबांच्या मशीनला आहे, शेअर करता येतो, पण बाबांचं सेव्हन बत्तीस बिटचं असेल (जुन्या डीटीपी मशीनवर बहुतेक वेळा असतं) तर ते तुमच्या चौसष्ट बिट लॅपटॉपला चालणारा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) आपणहून देऊ शकत नाही. शिवाय २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे विंडोजच्या प्रिंट सांभाळणाऱ्या भागात, मोठं भोक सापडलं, प्रिंटनाइटमेअर म्हणतात त्याला, त्यानंतर मायक्रोसॉफ्टने शेअर प्रिंटरवर इतके कडक नियम लावले की शेवटी ११बी असलेला एक एरर घरोघरी यायला लागला. त्यावर नेटवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) एक आकडा शून्य करायला सांगतात, म्हणजे लावलेलं कुलूप परत काढणं, ते नको. प्रिंटर एकदा थेट लॅपटॉपला लावून ड्रायव्हर बसवून घ्या, मग तो परत बाबांना देऊन टाका आणि लॅपटॉपवर त्याच प्रिंटरला नवा लोकल पोर्ट देऊन पोर्टच्या नावात शेअर केलेल्या प्रिंटरचा पत्ता लिहा, झेड ड्राइव्हला लिहिला तसाच. याने बऱ्याचदा जमतं. नाही जमलं तर पीडीएफ झेडमध्ये टाका आणि "बाबा, प्रिंट मारा" अशी हाक मारा, दिवसाला पाच-सात प्रिंटसाठी याहून जास्त डोकं खपवण्यात अर्थ नाही.

राहिला बाबांच्या कॉम्प्युटरच्या इंटरनेटचा प्रश्न. सेव्हनला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सांभाळणं सोडलं, क्रोमनेही २०२३ च्या सुरुवातीला साथ सोडली. त्यात आता तो तुमच्या लॅपटॉपला जोडला जाणार. माझ्या मते त्याचं इंटरनेट बंद करा, घरातलं नेटवर्क चालू ठेवा. त्यासाठी बाबांच्या मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवेची जागा रिकामी सोडायची एक युक्ती लोक सांगतात, ती सेव्हनवर अंगाशी येते, कारण गेटवे नसला की सेव्हनला नेटवर्क ओळखता येत नाही, तो अनआयडेंटिफाइड म्हणून पब्लिक करून टाकतो आणि शेअरिंगच बंद पडतं, मग परत तुम्ही पहिल्यापासून सुरुवात. त्यापेक्षा फायबरच्या डब्यात पेरेंटल कंट्रोल किंवा मॅक फिल्टर असतं, त्यात बाबांच्या मशीनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) टाकून फक्त इंटरनेट अडवा. मॅक ॲड्रेस आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल केलं की फिजिकल ॲड्रेस म्हणून दिसतो. नाव पेरेंटल कंट्रोल असल्याचं बाबांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

झेड ड्राइव्ह जमली की पहिल्याच रविवारी बाबांचा सगळा जॉब फोल्डर लॅपटॉपवर आणि तिथून एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, त्या मशीनमधली डिस्क किती जुनी असेल याचा नुसता विचार करा. जुन्या राउटरचे पोर्ट शंभर एमबीपीएसचे असतात म्हणजे सेकंदाला साधारण अकरा-बारा एमबी, चाळीस जीबीला तासभर लागतो, आणि तेही लॅपटॉप वायरने जोडलात तर. जुन्या वायफायवरून करायला गेलात तर दुप्पट-तिप्पट वेळ धरा. लॅपटॉपला वायरची खाच नसेल तर यूएसबी टू लॅन म्हणून छोटं अडॅप्टर मिळतं, ते आणा, महाग नसतं.

कुठे अडलंत तर दोन्ही मशीनवरच्या आयपीकॉन्फिगचा फोटो आणि जो एरर येतोय त्याचा अख्खा फोटो पाठवा. "कनेक्ट होत नाही" एवढंच लिहून पाठवू नका.